गीझरच्या कॉइलवरचा चुना आला कुठून?

आमच्या गीझरने ऐन जानेवारीत मान टाकली. मेकॅनिकने खालची प्लेट उघडून कॉइल बाहेर काढली, तर ती कॉइल कमी आणि पांढऱ्या पोवळ्याची फांदी जास्त दिसत होती. खाली धरलेल्या टबात चुन्याचे पापुद्रे पडले, वाटीभर तरी असतील. "मुंबईचं पाणीच खराब झालंय काका, हल्ली सगळीकडे हेच," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी वॉटर सॉफ्टनरचं, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचं, कोटेशन टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

मला एक गोष्ट खटकली. माझी सोलापूरची मावशी मुंबईत आली की पहिल्या आंघोळीनंतर दर वेळी तक्रार करते, "तुमच्याकडे साबण अंगावरून जातच नाही रे, बुळबुळीतच राहतं." ही तक्रार म्हणजे मृदू पाण्याला मिळालेलं प्रशस्तिपत्रक. मग ज्या शहरात साबण निघत नाही, त्याच शहरात कॉइलवर चुना कसा साचतो?

जड पाणी म्हणजे काय

शाळेत आपण 'दुष्फेन' आणि 'सुफेन' हे शब्द घोकले होते. ज्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन. बोलताना आपण त्याला जड पाणी म्हणतो, आणि सुफेनला मृदू. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही दोन खनिजं विरघळलेली असतात. ती जितकी जास्त, तितकं पाणी जड. साबण या खनिजांना भेटला की फेस होण्याऐवजी त्यांच्याशीच गाठ मारून बसतो आणि चिकट पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जमणारी, घासली तरी न निघणारी रेघ ती हीच. डाळीचंही तसंच. कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेशींना जोडणारा चिकटा घट्ट करतं, म्हणून जड पाण्याच्या गावांत 'या पाण्यात डाळ शिजत नाही' असं म्हणतात. ते अगदी खरं आहे.

हा जडपणा मोजतात लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, सगळी खनिजं कॅल्शियम कार्बोनेट आहेत असं धरून. ६० पर्यंत मृदू, १८० च्या वर फार जड. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० पर्यंत ठीक मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असंही तेच मानक सांगतं. म्हणजे पिणाऱ्याला चालणारं पाणी गीझरला चालेलच असं नाही. मानक माणसासाठी लिहिलेलं आहे, कॉइलसाठी नाही.

तलावांतून येतं ते पाणी

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) शहराच्या हद्दीतच आहेत. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा हे पाच ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. रोजचा पुरवठा सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर, आणि त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं.

हे सगळं पावसाचं पाणी आहे. चार महिने सह्याद्रीवर कोसळायचं, काळ्या कातळावरून घसरायचं आणि तलावात जाऊन बसायचं. पाऊस मुळात जवळपास खनिजांविना पडतो. त्याला जड व्हायचं तर जमिनीखाली मुरून, दगडाच्या संगतीत वर्षानुवर्षं राहून खनिजं उचलावी लागतात, आणि चुनखडीचा दगड भेटला तर हे काम फार झपाट्याने होतं. आपल्या तलावांच्या भोवती चुनखडी नाही, बसाल्ट आहे, आणि पाण्याला मुरत बसायला सवडही नाही. म्हणून महापालिकेचं पाणी मृदू गटात किंवा त्याच्या कुंपणापाशी राहतं. भांडुपला आणि पांजरापूरला ते शुद्ध होतं तेव्हा गाळ बसवतात आणि क्लोरीन घालतात. त्यातून जडपणा वाढत नाही.

खरं तर मृदू पाण्याचा रोग वेगळाच असतो. खनिजांची भूक असलेलं पाणी लोखंडी पाइप कुरतडतं. जुन्या चाळीत किंवा साठ-सत्तर वर्षांच्या इमारतीत सकाळी नळ सोडला की पहिलं पाणी तांबूस येतं, ते या गंजाचं. मुंबईच्या नळाची तक्रार असलीच तर लाल असायला हवी. ती पांढरी असेल, तर मध्ये कुणीतरी काहीतरी मिसळलेलं आहे.

मिसळतं कोण?

बहुतेक वेळा आपणच. म्हणजे आपली सोसायटी.

महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं आणि खालच्या टाकीत पडतं. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत आणि मग घरोघरी. उन्हाळ्यात तलाव खाली गेले की कपात लागते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के अशी लागली होती. तेवढ्याने काही सोसायट्यांचं गणित कोलमडतं आणि कुणीतरी बोअरिंगचा व्हॉल्व्ह उघडतं किंवा टँकर मागवतं. टँकरमध्ये असतं ते बरेचदा विहिरीचं किंवा बोअरिंगचंच पाणी. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला, तो भूजल उपशाच्या परवानग्यांवरूनच, हे आठवत असेल.

बोअरिंगचं पाणी जमिनीत राहून आलेलं असतं, त्यामुळे ते आधीच जड. त्यात आपण बेटावर राहतो. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पातेल्यात दुधावर साय धरते तसं. साय हलक्या हाताने काढली तर निघते. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ ची, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोडं पाणी देणारी म्हणून प्रसिद्ध आहे. पण पंप लावून दिवसभर उपसत राहिलं की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर आणि कॅल्शियमही बरंच. त्याचा जडपणा लिटरमागे ६,००० मिलिग्रॅमच्या वर जातो.

वीस लिटरच्या बादलीत एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, समुद्राचं पाणी ओतलं असं समजा. एक टक्का झालं. तेवढ्याने बादलीचा जडपणा साठेकने वाढतो आणि एकूण क्षार ३५० ने. चवीला किंचित मचूळ लागेल, न लागेल. गीझरला मात्र कळतं.

आमच्याकडे झालं होतं ते इतकंच. दुसऱ्या दिवशी वॉचमनला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "साहेब, बोअरिंगचा व्हॉल्व्ह मेपासून थोडा उघडाच असतो. बंद करा असं कुणी सांगितलंच नाही." बोअरिंगची लाइन फ्लशच्या टाकीसाठी होती. कपातीच्या दिवसांत तात्पुरती म्हणून ती मुख्य टाकीला जोडली आणि कपात संपली तरी 'तात्पुरती' राहिली.

गीझरच्या पोटात काय चालतं

चहात साखर गरम असताना जास्त विरघळते. चुन्याचं, म्हणजे मघाच्या कॅल्शियम कार्बोनेटचं, उलटं आहे. पाण्यात तो टिकून असतो तो कार्बन डायऑक्साइडचा हात धरून. सोड्याची बाटली तापली की गॅस निघून जातो, तसंच पाणी तापलं की हा गॅस उडतो आणि चुन्याचा हात सुटतो. तो मग जिथे सर्वांत जास्त उष्णता आहे तिथे बसतो, म्हणजे कॉइलवर.

समजा बोअरिंग मिसळून तुमच्या पाण्याचा जडपणा ३०० झाला आहे आणि घरात रोज १०० लिटर पाणी तापतं. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम खनिजं गीझरमधून जातात. त्यातला दहावा हिस्सा जरी आत चिकटला, तरी वर्षाला किलोभर चुना. हा मोजलेला आकडा नाही, निव्वळ गुणाकार आहे, पण वाटीभर पापुद्रे पाहिल्यावर मला तो अवास्तव वाटत नाही.

इथे एक गैरसमज. चुना बसला की विजेचं बिल दुप्पट होतं, असं विक्रेते सांगतात. साठवणीच्या विजेच्या गीझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते. तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाणार, दुसरीकडे जायला वाट कुठे आहे? त्यामुळे बिलात पडणारा फरक सांगतात तेवढा नसतो. नुकसान होतं ते कॉइलचं. चुना तांब्यापेक्षा शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. तो पांघरुणासारखा कॉइलला लपेटतो, आतल्या आत कॉइल भाजत राहते आणि एक दिवस तिचं कवच तडकतं. पाणी आत शिरतं आणि गीझर लावला की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. त्याआधी गीझर सूचना देतो. तापताना भट्टीत फुटाणे फुटल्यासारखा तडतड आवाज येतो. आमचा दिवाळीपासून तडतडत होता.

गॅसच्या गीझरची गोष्ट निराळी. तिथे ज्योत बाहेर आणि पाणी नळीत. नळीला आतून चुना धरला तर उष्णता खरोखरच धुराड्यातून वाया जाते आणि नळीही चोंदते.

टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, मेकॅनिक तिला अॅनोड रॉड म्हणतात. टाकीच्या लोखंडाऐवजी आपण गंजायचं, हे तिचं काम. खाऱ्या पाण्यात ती फार लवकर झिजते आणि मग गंज टाकीकडे वळतो. कॉइल साफ करायला मेकॅनिक येईल तेव्हा ही कांडी दाखवायला सांगा. पेन्सिलीच्या टोकासारखी उरली असेल तर बदलून घ्या. तापमानही फार चढवू नका. साधारण ६० अंशांच्या पुढे चुना झपाट्याने बसतो, आणि आंघोळीला तेवढं कढत लागतही नाही.

बाकीची यंत्रं

वॉशिंग मशीनमध्ये जड पाणी आधी पावडर खातं. आजकालच्या पावडरीत खनिजांना अडकवून ठेवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे साबणासारखा साका होत नाही. पण पाणी जड असेल तर ती द्रव्यं त्यातच खर्ची पडतात. टॉवेल खरखरीत व्हायला लागले की आपण पावडर वाढवतो. मृदू पाण्यात नेमकं उलटं होतं, तीच जास्तीची पावडर कपड्यांत राहून जाते. फ्रंट लोडमध्ये पाणी तापवायची कॉइल असते, तिची गत गीझरसारखीच. थंड पाण्यावर चालणाऱ्या टॉप लोडला या बाबतीत फारशी काळजी नाही.

डिशवॉशरमध्ये छोटा सॉफ्टनर आतच असतो, त्यासाठीच मीठ घालतात. मुंबईतल्या घरी यंत्र बसवताना जडपणाची सेटिंग कुणी पाहत नाही. निव्वळ महापालिकेचं पाणी असेल तर ती खालच्या टोकाला ठेवा. काचेचे पेले कायमचे धुरकट होत असतील आणि व्हिनेगरने पुसूनही उजळत नसतील, तर तो चुना नव्हे. फार मृदू पाणी आणि जास्त पावडर मिळून काचच झिजवत असतात.

वाफेच्या इस्त्रीची भोकं चुन्याने बुजतात आणि पांढऱ्या सदऱ्यावर नेमके ऑफिसला निघताना पिवळट ओघळ सोडतात. तिच्यात चांगलं पाणी घाला, एवढंच.

'पण मीटर तर दोनशे दाखवतो!'

पेनासारखं दिसणारं मीटर मोजतं ते एकूण क्षार, म्हणजेच टीडीएस. तेही थेट नाही, पाण्यातून वीज किती वाहते यावरून केलेला अंदाज. त्यात साधं मीठही आलं. मघाची बादली आठवा. एका पेल्याने क्षार ३५० ने वाढले आणि जडपणा साठने. मीटरचा आकडा मोठा म्हणजे पाणी तितकंच जड, असं नाही. मात्र एकाच नळाचा आकडा पावसाळ्यात ७० आणि मे महिन्यात ४०० असेल, तर काहीतरी मिसळलं जातंय हे नक्की.

दारावर येणारा विक्रेता दुसराही खेळ करतो. दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात तुमच्या नळाचं आणि एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेचे खांब बुडवतो. तुमचा पेला गढूळ तपकिरी होतो आणि बघणाऱ्याला मळमळतं. ती घाण पाण्यातली नसते. लोखंडाचे खांब विजेने झिजतात आणि गंज पाण्यात उतरतो. त्याच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात, त्यामुळे त्यातून वीज वाहत नाही आणि खांब झिजत नाहीत. त्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

'आरओ आहे ना आमच्याकडे'

आरओ ओट्याजवळ असतो, गीझर न्हाणीघरात. दोघांची गाठ पडत नाही. शिवाय महापालिकेच्या पाण्याला आरओची गरज नाही, कारण काढून टाकावे इतके क्षार त्यात नसतातच. जंतूंची धास्ती असेल तर यूव्ही पुरतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असं सरकारला सांगितलं होतं. कपातीच्या दिवसांत आरओच्या मागून वाहून जाणारं पाणी पाहिलं की ते का, हे कळतं.

तुरटीनेही जडपणा जात नाही, तिने गाळ खाली बसतो. नळाला पाणी दुधासारखं येतं ते चुन्याने नव्हे, हवेच्या बुडबुड्यांनी. पेला ठेवून द्या. मिनिटभरात ते खालून वर निवळत जातं.

सॉफ्टनर बसवावा का?

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. त्यांना लोकलमधली बाकं समजा, सोडियमचे प्रवासी आधीच बसलेले. जड पाणी आलं की कॅल्शियम चढतं. त्याचा विद्युतभार दुप्पट, त्यामुळे एक कॅल्शियम बसलं की दोन सोडियम उठून पाण्याबरोबर पुढे जातात. होता होता सगळी बाकं भरतात. मग यंत्रात मिठाचं दाट पाणी सोडतात, म्हणजे गर्दीच्या वेळचं दादर. सोडियमचा लोंढा आत घुसतो आणि बसलेल्या कॅल्शियमला रेटून बाहेर काढतो. बाकं पुन्हा तयार.

यात प्रवासी बदलले, संख्या फारशी कमी झाली नाही. म्हणून सॉफ्टनर बसवल्यावरही टीडीएस मीटर जवळपास तोच आकडा दाखवतं आणि लोकांना फसवले गेल्यासारखं वाटतं. पण याचा दुसरा अर्थ मुंबईकरांना महत्त्वाचा आहे. आपल्या बोअरिंगमध्ये जडपणाबरोबर खारेपणाही असतो. सॉफ्टनर चुना थांबवेल, गंज थांबवणार नाही. अॅनोडची कांडी झिजतच राहील. वर मिठाची पोती, धुण्याला लागणारं पाणी आणि ते सगळं बघणारा माणूस. आधीच मृदू असलेल्या पाण्यावर तो बसवणं म्हणजे रिकाम्या गाडीत टीसी चढवणं. पाइपला बांधायच्या चुंबकांची जाहिरातही येते. त्यांच्या बाजूने मला पटेल असा पुरावा मी पाहिलेला नाही.

केस आणि आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणाला आरोग्यासाठी म्हणून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला हवंच असतं. जड पाण्याने केस राठ लागतात, कारण साबणाचा साका त्यांवर बसतो. केस मुळापासून गळण्याचं खापर मात्र सगळं पाण्यावर फोडता येणार नाही.

घरच्या घरी तपास

सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या. एकीत पाणी यायच्या वेळेला, खालच्या टाकीत पडणाऱ्या महापालिकेच्या पाइपचं पाणी धरा. दुसरीत घरच्या नळाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा किसून टाका आणि सारखंच हलवा. शाम्पू किंवा कपड्यांची पावडर नको, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. दोन्हींत सारखा फेस आला तर सॉफ्टनरचं कोटेशन परत पाठवा. एकीत फेस आणि दुसरीत ताकासारखं गढूळ दिसलं, तर फरक पाइप आणि तुमच्या नळाच्या मधल्या टाक्यांत आहे.

शॉवरची जाळी किंवा किटली साफ करायला लिंबूसत्त्व कोमट पाण्यात पुरतं, फसफसलं की समजा चुनाच आहे. कडप्प्याच्या ओट्यावर ते सांडू देऊ नका, कडप्पा स्वतःच चुनखडी आहे. संडास धुण्याचं अॅसिड गीझरमध्ये ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आणि कुठलंही अॅसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आमच्या सोसायटीत दोन बाटल्या मीटिंगच्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा कोटेशनवर चर्चा झालीच नाही. प्लंबरने बोअरिंगची लाइन मुख्य टाकीपासून तोडून पुन्हा फ्लशला जोडली. टँकर आला की वॉचमनने रजिस्टरमध्ये तारीख आणि टीडीएसचा आकडा लिहायचा असं ठरलं. पहिली नोंद मे महिन्यातली आहे : ४१०. तिच्याखाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी लिहिलंय, 'आज गीझर लावू नये.'